हिरवा तुरा

"घट अंगणात कुणी मांडला?"

तुळाजी पाटलांचा आवाज चढला होता. दसऱ्याची सकाळ. मठाचा घट उठला की त्यातले पिवळेधमक कोंब गावानं पागोट्यात खोवायचे, ही रीत. नऊ दिवस देव्हाऱ्याच्या अंधारात वाढवलेले कोंब. आणि यंदा बघावं तर घटाभोवती सगळं हिरवंगार!

"मी मांडला," रायाजी म्हणाला.

मठाचे म्हातारे गुरू गहिनबा, त्यांचा हा शिष्य. हुशार खरा, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

"ऊन मिळालं की पान आतल्या आत रंग शिजवतं, पाटील. रंग आणि सत्त्व, दोन्ही. अंधारातलं पिवळं म्हणजे उपाशी पोर. उपाशी पोर देवापुढं ठेवायचं?"

"जीभ आवर! देवाच्या पाया पड आणि चुकलो म्हण. नाहीतर आजच्या आज मठाबाहेर हो."

"नाही म्हणणार."

आठ वर्षं हा मठच त्याचं घर होता. दुसरीकडं कुठं जाणार? पण मान काही खाली जाईना.

सगळे गहिनबांकडं बघू लागले...

म्हातारा सावकाश उठला. घटातले चार हिरवे कोंब खुडून त्यानं स्वतःच्या पागोट्यात खोवले.

"अहो बाबा, रीत..."

"वाका जरा पाटील. तुम्हालाही खोवतो."

पाटलांनी घरच्या घटातून आणलेला पिवळा तुरा, मुळांसकट, कट्ट्यावर आपटला आणि तरातरा निघून गेले. बाकीची माणसं थोडा वेळ घुटमळली. मग एकेक जण येऊन वाकला.

अंगण रिकामं झालं. रायाजीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"बघितलंत बाबा? करून दाखवलं की नाही हिरवं?"

"तू केलंस?"

"मग! मीच."

गहिनबांनी वाटीत पाणी घेतलं, पाटलांचा तुरा त्यात उभा केला, वाटी उन्हात ठेवली.

"हेही कर."

रायाजी वाटीवर ओणवा झाला. टक लावून बघत राहिला...

"कर की."

रायाजीनं एका कोंबाला बोट लावलं आणि मागं घेतलं.

"काय झालं रे?"

"बाबा, ते... ते आपलं आपणच करतं."

"मग सरक बाजूला. ऊन अडतंय त्याचं."