आमदारांच्या मांडीवरची मोहफुलं

गोऱ्या साहेबाच्या वेळचा एक कायदा आमच्या रानात अजून जिवंत होता. साहेब गेला, पण त्याला सोबत न्यायला विसरला! कायदा असा, की परवान्याशिवाय मोहाचं फूल जवळ ठेवायचं नाही. रैनूबाई मडावीच्या बचत गटाला मोहाच्या दारूचा छोटासा कारखाना रीतसर काढायचा होता, पण दरसाल फुलांच्या टोपल्याच जप्त व्हायच्या. तिने अर्जांवर अर्ज केले, तेव्हा आमदार इन्स्पेक्टरला घेऊन भल्या सकाळी समजूत घालायला आले. बाईने त्यांना मोहाच्या झाडाखाली खाट टाकून दिली.

"आजी, फूल जवळ सापडलं की गुन्हा. कुठून आलं, हे कायदा विचारत नाही," आमदार म्हणाले.

"अजिबात नाही जी?"

"अजिबात नाही!"

तोवर वरून टपटप फुलं पडून आमदारांची मांडी भरली, खिसाही भरला. रैनूबाई इन्स्पेक्टरकडे वळली. "साहेब, यांचा परवाना बघा. नसेल तर पंचनामा लिहा."

इन्स्पेक्टर पेनाचं टोपण काढू की लावू करत बसला. आमदार ताडकन उठले. "अहो, ही तर झाडानं टाकली!"

"हेच विधानसभेत बोला जी," रैनूबाई म्हणाली. "आम्ही जन्मभर हेच बोलतो, पण तुमचं तिथं ऐकू जातं. कायदा बदलेपर्यंत ही खाट मी रोज सकाळी टाकणार."