अत्याधुनिक दालन

सहल कंपनीचे मालक धुरंधरसाहेब जड शब्दांचे भारी शौकीन. त्यांच्या एआय एजंटकडे दोन साधनं होती: एक बुकिंगची तारीख बदलायचं, दुसरं बुकिंग रद्द करायचं. कोणतं साधन वापरायचं हे एजंट वर्णन वाचूनच ठरवायचा, पण दोन्हींचं वर्णन साहेबांनी एकच लिहिलं, ‘ग्राहकसमाधानाचे अत्याधुनिक साधन’. एका वऱ्हाडाने तारीख बदलायला सांगितली, तर एजंटने बुकिंगच रद्द केलं.

एजंट सांभाळणाऱ्या हेमांगीवर साहेब कडाडले, “तुझं यंत्र मठ्ठ आहे! माझ्या वर्णनाला हात लावायचा नाही!”

दुसऱ्या दिवशी नव्या ऑफिसच्या उद्घाटनात साहेबांच्या पोटात कळ आली. समोर तीन दारं, तिन्हींवर हेमांगीने लावलेली एकच पाटी: ‘कर्मचारीकल्याणाचे अत्याधुनिक दालन’. पहिल्यात झाडू निघाले, दुसऱ्यात पाहुणे.

“अगं, संडास कुठाय?”

“पाट्या तुमच्याच भाषेत आहेत, साहेब,” हेमांगी म्हणाली. “यंत्र मठ्ठ म्हणून चुकलं. आपण कसे चुकलात?”