माडीची झडप

एकदा एक शिष्य पाणवठ्यावरून घागर घेऊन परतत असता दोन बायकांचं बोलणं त्याच्या कानी पडलं. "आज म्हातारबाबा माडी पाडतायत म्हणे, म्हणजे आता..." तेवढ्यात त्याला पाहून दोघी गप्प झाल्या. अर्धं ऐकलेलं बोलणं फार वाईट; उरलेलं आपली भीतीच पुरं करते.

त्याला भिण्याजोगं कारण होतं. गावात तापाची साथ शिरली होती. पहिले रोगी कुंभारआळीत निघाले, आणि त्याच आळीत त्याची थोरली बहीण तान्ह्या मुलासह नांदत होती. गावाने निवडून दिलेले पंच सभागृहाच्या खालच्या मजल्यावर बसत. त्यांनी सकाळीच ठरवलं, की आळीच्या तोंडाला भिंत घालावी. विटाही येऊन पडल्या. मात्र जुनी रीत अशी, की खालचा ठराव जिना चढून माडीवरच्या वडीलधाऱ्यांपुढे जायचा. त्यांना तो मोडता येत नसे. कारण सांगून एकदा परत पाठवता येई, इतकंच. आता माडीच गेली, तर भिंत दुपारपर्यंत उभी.

घागर तिथेच ठेवून तो धावला. पाहतो तो त्याचे गुरुजीच, माडीवरचे सर्वांत वृद्ध, जिन्याच्या टोकाशी बसून, माडीचं तोंड बंद करणाऱ्या झडपेच्या बिजागऱ्या छिन्नीने उचकटत होते. खाली विटांचा व्यापारी समाधानाने बघत होता. "उत्तम. आता तुळयाही काढा. नाहीतरी वर दुपारच्या घोरण्यावाचून होतं काय?"

शिष्य जिन्याशी जाऊन म्हणाला, "गुरुजी, निदान आज तरी नको. ताई आत आहे."

झडप धाडकन खाली आली. गुरुजींनी छिन्नी बाजूला ठेवली.

"शेटजी म्हणतात ते खोटं नाही, बाळ. आम्ही झडप लावून घेतली नि घोरलो. बापामागून लेक त्याच लोडाला टेकला. आमची कारणं खाली कधी ऐकू गेली नाहीत, दिसला तो नुसता खोळंबा. म्हणून झडप काढली. माझ्या लोडाला माझा मुलगा टेकणार नाही; आळीआळीने आपलं जाणतं माणूस पाठवावं. पण जिना राहील. भीती सपाटीवर फार वेगाने धावते रे. जिना चढताना मात्र तिलाही धाप लागते. त्या धापेपुरतीच ही माडी."

मग खाली ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "विहीर आळीच्या बाहेर आहे. भिंतीआड पाणी कोण पोहोचवणार?"

सकाळी सर्वांत मोठ्याने बोललेला पंच आता पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. ठराव परत गेला. पंचांनी तो पुन्हा, हलक्या आवाजात, बोलून पाहिला. रोग्यांना नदीकाठच्या मांडवात न्यायचं, आळीवर पहारा ठेवायचा, पाणी तिच्या तोंडाशी नेऊन द्यायचं असं ठरलं. विटांच्या चुली झाल्या, पाणी उकळायला.

साथ काही त्या दिवशी गेली नाही. शिष्य घागर घेऊन आळीच्या तोंडाशी गेला, तेव्हा पलीकडे बहीण बाळाला कडेवर घेऊन उभी होती. पहारेकरी मध्ये होता. घागर खाली ठेवून तो मागे सरला. तिने ती उचलली आणि दुरूनच विचारलं, "काय रे, माडी पाडली म्हणे?"

"पाडली," तो म्हणाला. "झडपेपुरती."