एकाच काट्यावर अख्खं टेकाडपूर

“प्रजाजनहो! तुमच्या भल्यासाठी आम्ही रात्रंदिवस—”

“दोन चमचे औषध घ्या, मामंजी, आणि डाव्या कुशीवर वळा बघू!”

टेकाडपूरचे घनगर्जन महाराज सज्जात बसून रेडिओवर स्वतःचंच भाषण ऐकत होते, आणि त्यात ही बाई घुसली! महाराज ताडकन उठले. आता राजा, हत्ती आणि रेडिओ एकाच गोष्टीत कसे, ते मला विचारू नका. होते म्हणजे होते!

“कोण आहे ही? हजर करा!”

ती निघाली सगुणा कासारीण. सज्जाखालच्याच गल्लीत तिचं बांगड्यांचं दुकान. सासरे अंथरुणाला खिळलेले, दिवसभर घरात एकटे. म्हणून तिनं दुकानात एक चिमुकलं रेडिओ केंद्र जोडलं होतं. गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरता भरता ती मामंजींशी गप्पा मारायची. आवाज जेमतेम गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. पण गल्लीला त्याची अशी सवय झाली होती, की तिनं “औषध घ्या” म्हटलं की शेजारपाजारचे धडधाकट म्हातारेही काहीबाही घेऊन टाकायचे.

“महाराज, ही एकटी नाही,” प्रधानजी म्हणाले. “गल्लोगल्ली असले हौशी माजलेत. न्हावी बोलतो, तेली बोलतो, नुसता कालवा! सगळ्यांची यंत्रं तळ्यात बुडवा!”

सगुणाला आधी मामंजी आठवले. मामंजींनी मग दिवसभर काय भिंतीशी बोलायचं? पण जीभ काही गप्प बसेना.

“महाराज, कालवा होत नाही! तुम्ही नियम करा ना. गल्लीपुरतं बोलेल त्याला मोकळीक, गल्लीबाहेर गेला तर दंड. आम्ही एका पायावर तयार आहोत.”

“असं? कालवा होत नाही?” महाराजांनी डोळे बारीक केले. “मग ऐक. रेडिओच्या काट्यावर एकच जागा देतो. येत्या पुनवेला सकाळी तुम्ही सगळ्यांनी त्या एकाच जागेवर, एकाच वेळी बोलायचं. आणि मला प्रत्येकाचा शब्द न् शब्द कळला पाहिजे. नाही कळला, तर यंत्रं तळ्यात!”

प्रधानजी मिशीतल्या मिशीत हसले.

“कबूल!” सगुणा म्हणाली, आणि बाहेर आल्या आल्या तिनं सगळ्या हौशांना निरोप धाडला.

संध्याकाळी सगळे हौशी तिच्या दुकानात जमले. जमले कसले, भांडायलाच लागले!

“सगळ्यांच्या वतीनं मी बोलतो,” धोंडू न्हावी म्हणाला.

“तू? तुझं एक वाक्य संपेस्तोवर माणसाची दाढी पुन्हा वाढते!” गंगाराम तेली उसळला.

“एकाच जागेवर सगळे बोललो तर मेलोच की,” राहीबाई सुगरणीनं डोक्याला हात लावला.

सगुणानं दुकानातला रेडिओ उचलला आणि सरळ गल्ल्यांतून चालायला लागली. मागून बाकीची वरात, आणि ज्याची पाळी तो आपल्या घरी यंत्रावर बोलत बसलेला! राहीबाईचा आवाज कुठं विरतो, अत्तरवाले हुसेनचाचा कुठून ऐकू यायला लागतात, सगळं तिनं पायी फिरून पाहिलं. मग हात हळूच दाबून बांगडी चढवावी, तसं एकेकाला वळवलं.

“धोंडूभाऊ, तुमच्या यंत्राच्या तारेचा तो उंच बांबू खाली उतरवा, आवाज फार लांब जातो.”

“अगं, मग माझं ऐकणार कोण?”

“तुमची गल्ली! आणि गंगारामभाऊ, तुम्ही पडलात धोंडूभाऊंच्या शेजारी, दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतात. तुम्ही यंत्र घेऊन गावाच्या त्या टोकाला जा.”

“तिथं माझी सासुरवाडी आहे!”

“मग जेवणाचीही सोय झाली!”

पुनवेला महाराज दरबारात रेडिओ घेऊन बसले. सगुणानं मुजरा केला. “महाराज, कुठं बसून ऐकायचं ते अटीत नव्हतं. हत्तीवर बसावं!”

महाराजांना हत्तीवर बसायचं म्हटलं की आनंदच. निघाली स्वारी! काटा ठरल्या जागी लावला आणि न्हावीआळीत रेडिओ बोलला, “मंडळी, आज गर्दी फार, दाढीला दुपारी या!” हत्ती पुढं गेला. जरा खरखर झाली, आणि लगेच हुसेनचाचा मोगऱ्याचं अत्तर कसं लावावं ते सांगायला लागले. मग राहीबाई. “पुरण शिजलं का, ते चमचा उभा करून बघायचं. पण त्याआधी...”

“हत्ती थांबवा!” महाराज ओरडले. “आधी काय ते ऐकू द्या!”

गावाच्या त्या टोकाला गंगाराम सासूचं कौतुक करत होता. सासू शेजारीच बसली असणार. आणि शेवटी सगुणाच्या गल्लीत चक्क मामंजी! चौघांनी त्यांना बाजेसकट दुकानात आणलं होतं. “सून गुणाची आहे हो,” ते सांगत होते, “पण वरणात मीठ म्हणून नसतं!” सगुणा पदराआड हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

प्रधानजी मात्र तडकले. “महाराज, ही लबाडी आहे! एकाच वेळी बोलायचं ठरलं होतं. हे एकामागून एक झालं!”

“छे हो!” सगुणा म्हणाली. “बोलतायत सगळे एकाच वेळी, अजूनही बोलतायत. एकामागून एक ऐकलं ते महाराजांनी!”

 महाराजांना हसू फुटत होतं, पण त्यांनी ते दाबून धरलं.

“बाई, एका प्रश्नाचं उत्तर दे. माझा आवाज साऱ्या राज्यात पोचतो, तुमचा गल्लीच्या तोंडाशी संपतो. मग लोकांना तुमचंच एवढं कौतुक का?”

“महाराज, आमचं बोलणं पटलं नाही तर लोकांना खिडकीतून ओरडून सांगता येतं! तुमच्या भाषणाला आजवर कुणी ओरडून उत्तर दिलंय?”

 त्यावर महाराज असे गदागदा हसले, की हत्तीसुद्धा दचकून दोन पावलं मागं सरला!

तिथंच, हत्तीवरूनच, त्यांनी हुकूम सोडला. गल्लीपुरतं बोलणाऱ्या प्रत्येकाला परवाना! काट्यावरची ती जागा कायमची गल्ल्यांची! सगुणाला साडीचोळी आणि ओंजळभर मोहरा!

“आणि एक चिमुकलं केंद्र,” महाराज डोळे पुसत म्हणाले, “आम्हालाही जोडून दे!”