मैनेची कोरी घटका

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता, आणि त्याला आपल्याच शब्दांचे भारी कौतुक. आपण बोलू ते सात पिढ्यांनी ऐकावे म्हणून त्याने कर्दम मांत्रिकाकडून एक दगडी मैना घडवून घेतली आणि मंत्रणागृहाच्या छतात गुपचूप बसवली. तिथे जो जे बोले ते मैनेच्या पोटात जाई, आणि विचारले की ज्याच्या त्याच्या आवाजात बाहेर येई. हे गुपित मांत्रिकाखेरीज दोघांनाच ठाऊक : राजाला, आणि मैना राखणाऱ्या नागवेणीला. प्रधान आणि मंत्री बिचारे मोकळेपणी बोलत.

राज्यात अग्निदेवीचा खजिना होता. त्याला शाप असा, की कुणी तो चोरून वर खोटे बोलला तर राज्यातून अग्नी निघून जाईल आणि खरे बाहेर आल्यावरच परतेल. एके सकाळी खजिना रिकामा निघाला. राजाने दवंडी पिटवली, "चोर पहारेकरी वीरभान. किल्ली त्याच्याच कमरेला होती." वीरभान हा नागवेणीचा धाकटा भाऊ. त्याला बेड्या पडल्या आणि राज्यातल्या चुली विझल्या. चकमकी झिजल्या, ठिणगी पडेना. माणसे ज्वारी भिजवून खाऊ लागली. मांत्रिकाचे तान्हे नातवंड थंडीने गेले, तेव्हा त्याने धर्मसभेत येऊन मैनेचे गुपित फोडले.

सभेने मैना मागितली. राजा म्हणाला, "राजाचे बोल राजाचे." सभेने पुन्हा मागितली, तेव्हा त्याने मैनेचे बोल लिहवून ताडपत्रे धाडली, नको तिथे काजळी फासलेली! तिसऱ्या वेळी उपाशी लोक राजवाड्याच्या दारात येऊन बसले, तेव्हा कुठे तो नमला. पण आधी त्याने नागवेणीच्या हाती विसरवेलीचे पान दिले. "चोरी कळली त्याच्या आदल्या दिवसातली एक घटका मैनेला विसरव."

नागवेणीने पान भरवले. त्या घटकेत तिचाही आवाज होता. "किल्ली एका दिवसापुरती दे, वीरभान सेनापती होईल," असे राजा त्याआधीच तिला म्हणाला होता, आणि भावाचे भले होईल म्हणून तिनेच ती त्याच्या कमरेची काढून दिली होती. कुंपणच शेत खाईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. पुढे कळले, पण तोंड उघडायचे धैर्य झाले नाही.

सभेत मैना बोलली. प्रधानाच्या शिंकासुद्धा ऐकू आल्या. मग एक घटका नुसती शांतता.

"ऐकलेत?" राजा म्हणाला. "काही नाही."

धर्माधिकारी खिन्नपणे म्हणाले, "दुसऱ्या कुणाविरुद्ध पुरावा नाही. सूर्यास्ताला वीरभानास सुळी."

पाखरे राखणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते : मैना पाठ विसरली, तर तिला पहिले वाक्य सांगावे, पुढचे ती आपण होऊन म्हणते. या घटकेतले पहिले वाक्य नागवेणीचेच होते. बोलावे तर भर सभेत आपण चोर, न बोलावे तर भाऊ सुळावर. ती उभी राहिली.

"महाराज, भाऊ झोपला आहे. ही घ्या किल्ली."

मैनेने मान वळवली. चंडकेतूच्या आवाजात ती म्हणाली, "ठेव आणि जा." दार लागल्याचा आवाज आला. मग, "प्रधानजी, खजिना आजच माझ्या तळघरात. बोभाटा झाला तर त्या पहारेकऱ्याचा बळी देऊ."

बोलणे संपायच्या आत सभेतल्या समया पेटल्या. घरोघरी चुलींतून धूर निघाला आणि बायका दारात येऊन रडू लागल्या. खजिना देवीकडे परत गेला, चंडकेतू त्याच तळघरात कोंडला गेला, आणि राज्य धर्मसभेने चालवले. नागवेणीला हद्दपारी झाली.

वेशीवर पहाऱ्याला वीरभानच होता. मनगटांवर बेड्यांचे वळ तसेच होते.

"ताई, तू किल्ली काढलीस तेव्हा मी जागा होतो."

नागवेणीने विचारले, "मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहत होतो."

त्याने तिच्या पदरात दोन गरम भाकरी बांधल्या, तिला वेशीबाहेर केले आणि दार लावून घेतले.