खुंटीचं भोक

चिंचवणच्या गढीत गोल हौद बांधायचा होता. काम म्हाताऱ्या भिवाजी गवंड्याचं. भिवाजीला अक्षर येत नव्हतं. बोलणं सावकाश आणि चालणं त्याहून सावकाश. नवे कारभारी वासुदेवपंत मात्र भूमिती शिकून आलेले.

"अडाण्याच्या हाती हौद नको," पंत म्हणाले. "भिवाजी, तुझी नि माझी योग्यता जमिनीवर आखून दाखव. मला पटली तर काम तुझं."

भिवाजीनं खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि ऐसपैस वर्तुळ आखलं. "हे आपण, पंत."

पंत खुलले. "आणि तू?"

म्हाताऱ्यानं खुंटी उपटली. "हे भोक. ना लांबी, ना रुंदी. शिकायला गेलो असतो तरी डोक्यात एवढंच मावलं असतं."

भोवती जमलेले गडी हसले. भिवाजीही हसला.

"मग बुजवा रे ते!" पंत म्हणाले.

"बुजवा की. फक्त भिंतीचा दर थर गोल येतोय का, ते मी इथूनच दोरी फिरवून बघतो. उद्यापासून आपण कुठनं बघणार, तेवढं सांगा."

पंतांनी खुंटी उचलली. मग त्यांनी स्वतःच ती भोकात रोवली आणि दगडानं ठोकू लागले.

"हळू, पंत," भिवाजी म्हणाला, "डोकं माझंच आहे ते."