घरची चार मतं

"मग मत कुणाला द्यायचं, महाराज?"

सातगोंडा पाटलांनी हे विचारलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बस्तीच्या ओसरीवर त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. पंचगंगेकाठच्या त्या गावात जैन मंदिराला बस्तीच म्हणतात.

अकंपकीर्ती महाराज आठवड्यापूर्वी विहार करत गावात आले होते. दिगंबर मुनी, वय सत्तरीच्या पुढचं. जवळ मोरपिसांची पिंछी आणि एक कमंडलू, बाकी काही नाही.



सातगोंडा बस्तीच्या ट्रस्टचे अध्यक्ष होते. घरचा ऊस, गोठ्यात म्हशी. कंदमुळं कधी तोंडात घातली नाहीत, सूर्य मावळल्यावर घोटभर पाणी घेतलं नाही. चाळीस वर्षांत एक मतदान चुकवलं नव्हतं आणि निवडणुकीतल्या जेवणावळीला कधी गेले नव्हते. मत देणं हासुद्धा धर्मच, असं ते मानत.

गावातलं दारूचं दुकान बायकांच्या मतदानानं बंद झालं, तेव्हा 'आडवी बाटली' या खुणेला मत मागत घरोघर फिरणारे तेच होते. शाळेत पोरांना अंडी द्यायचं ठरलं तेव्हा ग्रामसभेत विरोधाला उभे राहिले तेही तेच. पण नुसता विरोध करून ते बसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शाळेत दुधाच्या किटल्या पोचवू लागले. गाव हसलं. पोरं दूध प्याली, अजून पितात.

या खेपेचा पेच त्यांनी महाराजांना सविस्तर सांगितला. उमेदवार दोघे. एकानं शब्द दिला होता, की आईबापांच्या संमतीशिवाय पळून जाऊन लग्न करता येणार नाही असा कायदा आणीन. सातगोंडांना हे मनापासून पटत होतं. पण त्याच माणसाचे हायवेवर दोन बिअर बार होते. दुसरा स्वच्छ होता, मास्तरकी केलेला. पण भर सभेत तो म्हणाला होता, कुणी काय खावं आणि कुणाशी लग्न करावं हे विचारणारे तुम्ही कोण? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत बसलेल्या सातगोंडांना थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"दारूला मत नाही म्हणून आयुष्य घालवलं. आता हात कसा धजावा? आणि नाही दिलं तर तो कायदा आणणार कोण?"

महाराजांनी विचारलं, "घरात मतं किती?"

"चार. मी, आमची मंडळी, मुलगा आणि सून. चारही एकाच ठिकाणी पडतात. आजवर फूट नाही."

"त्यांना विचारता?"

"त्यात विचारायचं काय, महाराज? घर एक, धर्म एक."



"आणि मुलगी?"

सातगोंडांनी मान खाली घातली. "ती आमच्यात नाही आता..."

सुप्रभा त्यांची थोरली. सहा वर्षांपूर्वी तिनं मिरजेच्या शकील मुलाणीशी लग्न केलं. शकील गुरांचा डॉक्टर. अडलेली म्हैस सोडवायला एकदा रात्रभर याच घरच्या गोठ्यात राबलेला. सातगोंडांनी तेव्हा त्याला स्वतःच्या हातानं दूध दिलं होतं. लग्नाचं कळल्यावर त्यांनी लेकीचं नाव घरात घेऊ दिलं नाही.

महिन्याभरात त्यांनी ट्रस्टमध्ये ठराव मांडला, की समाजाबाहेर लग्न केलेल्यांना मुनींना आहार देता येणार नाही. लोकांना नवल वाटलं. स्वतःच्या पोरीला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून हा ठराव आपणच मांडला पाहिजे, असं त्यांना वाटलं होतं. ठराव वाचताना त्यांचा आवाज दोनदा बसला होता.

उठताना ते म्हणाले, उद्या आमच्या घरी आहाराचा चौका लावलाय. मुनी आमंत्रण घेत नाहीत. महाराजांनी नुसता आशीर्वादाचा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातगोंडांच्या घरचे चौघे सोवळ्यात दारात उभे राहिले. हातात कलश, त्यावर नारळ. महाराज गल्लीतून येताना दिसले तसे सगळे म्हणू लागले, "नमोस्तु स्वामी, नमोस्तु. अत्र तिष्ठ, अत्र तिष्ठ." महाराज दोन घरं ओलांडून आले आणि याच दारात थांबले. सातगोंडांना भरून आलं.

आत पाटावर बसवून पाय धुतले, पूजा झाली. मग महाराज आहारासाठी उभे राहिले. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच जेवतात, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. पाणीसुद्धा तेव्हाच. त्याआधी वाढणाऱ्या प्रत्येकानं सांगायचं असतं, की माझं मन शुद्ध आहे, वाणी शुद्ध आहे, देह शुद्ध आहे, अन्नपाणी शुद्ध आहे.

सातगोंडा खणखणीत म्हणाले, "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे." मुलगा म्हणाला. सून म्हणाली.

मग त्रिशलाबाई. सातगोंडांची बायको. पस्तीस वर्षं त्या या घरात आहार देत आल्या होत्या. हातात गरम पाण्याचा गडू होता.

"वचनशुद्धी," त्या म्हणाल्या. "कायशुद्धी. आहारजल शुद्ध आहे."

सुनेनं चमकून बघितलं.

सातगोंडा हळूच म्हणाले, "पहिलं राहिलं. म्हण."

त्रिशलाबाईंनी गडू दुसऱ्या हातात घेतला.

"अगं, महाराज उभे आहेत."

"मला म्हणता येईना," त्या म्हणाल्या.

महाराजांची ओंजळ अजून जुळलेली नव्हती. ते वाट बघत होते.

त्रिशलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलंच नाही. त्या महाराजांशी बोलल्या, सावकाश, शब्द शोधत शोधत. "ह्यांनी काल रात्री सांगितलं, चौघांनी त्या कायदावाल्याचंच बटण दाबायचं. मी हो म्हटलं. दर वेळी म्हणते तसं. पण मी तिथं दाबणार नाही. माझ्या लेकीनं केलं तो गुन्हा होता, असं मी मशीनवर सांगणार नाही. ती चुकली असेल. गुन्हेगार नाही. हे पोटात ठेवून मन शुद्ध आहे कसं म्हणू, महाराज..."

पुढं त्यांना बोलता आलं नाही. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं.

आहाराच्या वेळी समोर कुणाच्या डोळ्यांतून दुःखाचं पाणी आलं, की मुनी त्या दिवशी जेवत नाहीत. त्याला अंतराय म्हणतात. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्रिशलाबाईंनाही. त्यांनी घाईघाईनं पदर डोळ्यांना लावला, पण उशीर झाला होता.

महाराजांनी हात खाली सोडले. पिंछी घेतली, कमंडलू घेतला आणि त्रिशलाबाईंना आशीर्वाद देऊन ते निघून गेले.

वैशाखाचं ऊन होतं. आता उद्या सकाळपर्यंत त्या म्हाताऱ्या माणसाला पाण्याचा थेंब मिळणार नव्हता.

सातगोंडा बायकोला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं, असं सुनेला वाटलं. भरलेला चौका तसाच टाकून ते बस्तीत गेले आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसले. त्यांनीही सकाळपासून काही घेतलं नव्हतं.

महाराज दुपारपर्यंत ध्यानात होते. डोळे उघडले तेव्हा त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

सातगोंडा म्हणाले, "माझ्या घरात तुम्हाला उपवास घडला. पाप कुणाच्या माथी, महाराज? माझ्या की तिच्या?"

"तिनं खरं सांगितलं."

"मग माझ्या?"



सातगोंडा बराच वेळ बोलत राहिले. माझी मतं खोटी नाहीत, म्हणाले. मी ती कुणाच्या द्वेषानं धरलेली नाहीत. पोरीला अंगाखांद्यावर वाढवायचं आणि एके दिवशी सकाळी तिचं अंथरूण रिकामं बघायचं, हे ज्यानं बघितलं त्यालाच कळतं. दुसऱ्या कुठल्या बापावर अशी सकाळ येऊ नये एवढंच मला पाहिजे. त्यात माझं चुकतंय कुठं?

"तुमचं मन शुद्ध आहे, असं सकाळी म्हणालात," महाराज म्हणाले. "अडखळला नाहीत."

"सवयीनं म्हणून गेलो."

"हं."

ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं. सातगोंडांनी पाय आत ओढून घेतले.

मग त्यांनी कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. दिवाळीत मोटरचं सामान आणायला म्हणून ते मिरजेला गेले होते. सामान घेतलं आणि पाय आपोआप शकीलच्या दवाखान्याकडे वळले. ते रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या आडोशाला उभे राहिले. दवाखान्याच्या पायरीवर एक पोरगं करडाला पाला चारत बसलं होतं. करडानं पाला ओढला की पोरगं खदखदून हसायचं. आतून सुप्रभाची हाक आली, तसे ते मागं वळले आणि थेट एसटी गाठली.

"घरी सांगितलंत?" महाराजांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"घरात चार मतं एक आहेत, असं मी गावभर सांगत फिरतो. माझ्या एकट्याच्याच पोटात दोन आहेत, महाराज."

सातगोंडा खांबापासून जरा पुढं सरकले.

"मग मी माझं मत बदलू?"

"बदला असं मी म्हटलेलं नाही."

"मग काय करू?"

"घरी जा. पाणी घ्या. मला उद्यापर्यंत चालतं, तुम्हाला सवय नाही... त्या बाईनंही घेतलं नसेल."

घेतलं नव्हतंच. त्रिशलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. सातगोंडांनी स्वतः तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला. नवऱ्यानं कधी पाणी भरून दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"तुझं मत तुझं," ते म्हणाले. "पोराला आणि सुनेलाही सांग. मी कुणाला विचारणार नाही."

त्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी महाराजांचा आहार वरच्या गल्लीत निर्विघ्न झाला, हे ऐकून दोघांनाही हलकं वाटलं.

चार दिवसांनी मतदान झालं. संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, सातगोंडा बस्तीत आले. बोटाची शाई अजून ताजी दिसत होती. नमोस्तु करून ते नेहमीच्या खांबाजवळ बसले.

त्यांनी सांगितलं, की मी कायद्यालाच मत दिलं. बटण दाबताना ते बिअर बार डोळ्यांपुढे आले, बोट थांबलं, पण शेवटी तिथंच दाबलं. माझं मन अजून तिथंच आहे, तुमच्यापुढे खोटं कशाला सांगू? मंडळींनी दुसऱ्याला दिलं. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. मुलाचं आणि सुनेचं मला माहीत नाही.

"तिचं मत माझ्या मताला आडवं गेलं," ते म्हणाले. "म्हणजे दोन्ही वाया."

"मत द्यायला शाळेत एकत्र गेलात?"

"हो. चालत."

"बोललात?"

"जाताना नाही. येताना... शाळेच्या कुंपणापाशी ती जरा सावलीला उभी राहिली. तेव्हा मी तिला दिवाळीचं सांगितलं. पायरीचं, करडाचं, सगळं."

त्यांनी बोटाच्या शाईवरून अंगठा फिरवला.

"मला वाटलं, रागावेल. सहा महिने लपवलं म्हणून. तिनं एवढंच विचारलं, अंगात काय होतं त्याच्या? मी म्हटलं, लाल बनियन. तर म्हणाली, ते मीच पाठवलंय." सातगोंडांनी तळहातानं तोंड पुसलं. "मग तिनं नाव सांगितलं. समीर. चार वर्षांत मी विचारलं नव्हतं."

बस्तीत घंटा वाजली. कुणीतरी आत जाऊन दर्शन घेऊन बाहेर पडलं. ते दिसेनासं होईपर्यंत सातगोंडा बोलले नाहीत.

"रविवारी मिरजेला जायचं म्हणते ती. मला चल म्हणाली नाही. मी येतो म्हटलं. पण एक सलतंय, महाराज. माझी मतं मला सोडवत नाहीत. त्या घराला माझी मतं पटणार नाहीत. मध्ये हे पोरगं. त्याचा आजा असा, बाप तसा. उद्या ते कुणाच्या बाजूचं होणार?"

महाराजांनी पिंछीनं समोरची फरशी हलकेच झाडली. तिथं एक मुंगी होती. ती बाजूला गेली.

"वय काय त्याचं?"

"चार पूर्ण झाली."

"म्हणजे अजून चौदा वर्षं," महाराज म्हणाले, "ते कुणाच्याच बाजूचं नाही."